पऱ्हाटीवरील बिऱ्हाडकरूंच्या तसबिरी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आंजी (मोठी) येथे दिलेले भाषण)



तसबीर म्हटली की आपणांस लग्नकार्ये आठवतात. मी ज्यांच्या तसबिरींविषयी बोलणार आहे, ती मंडळी पऱ्हाटीच्या पानाआड बिऱ्हाड करून राहतात आणि त्यांना पाहताच आपला हात फवारणीच्या पंपाकडे जातो.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण ओळखतो. परंतु त्याची अळी? ती काळसर, लांबट, नारिंगी डागांची आणि दिसावयास मोठी उग्र. तिला कीड समजून मारणारे पुष्कळ आहेत. तीच भिंगातून टिपली म्हणजे तिच्या जबड्यात मावा दिसतो! ज्या माव्यासाठी आपण पैसे मोजून औषध आणतो, तोच तिचा आहार. कोळ्याचेही तसेच. तो तुडतुडे आणि पतंग खातो. उडी मारून शिकार करणाऱ्या चिमुकल्या कोळ्याला समोरून टिपावे. आठांपैकी दोन टपोरे डोळे आपणांकडेच रोखलेले दिसतात. अशाच एका ठाण्याकडील कोळ्याला 2021 साली शास्त्रज्ञांनी ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिले, ते 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना धारातीर्थी पडलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

कॅमेरा भारी हवा असे नाही. मोबाइलवर बसणारे चिमट्याचे भिंगही चालते. अडचण निराळीच आहे. इतक्या जवळून पाहताना जेमतेम एखाददोन मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. डोळे साधावे तर पाठ पुसट होते. म्हणून कीटकाच्या अंगाला समांतर धरावे, श्वास रोखावा आणि एकाऐवजी दहा चित्रे घ्यावीत. वेळ पहाटेची उत्तम. गारठ्याने कीटक सुस्त असतात आणि वाराही पडलेला असतो. कृत्रिम प्रकाश वापरल्यास पुढे पातळ पांढरा कागद धरावा, नाहीतर ढालकिड्याची पाठ नुसती चकाकते.

हा छंद रिकामटेकड्यांचा, असे कोणी म्हणेल. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. ही अळी बोंडात शिरली की छिद्र बुजते. मग वरून कितीही फवारा, विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला त्याआधी ओळखावयाचे, तर खूण फुलावर सापडते: पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. अशी फुले शंभरांत दहा आढळली की उपाययोजनेची वेळ आली, असे कृषितज्ज्ञ सांगतात. मोजणी करावयाची तर डोमकळी ओळखता आली पाहिजे, आणि शेतावर नव्याने आलेल्या सुनेला वा मुलाला ती शब्दांनी समजत नाही, चित्राने समजते.

बाहेर ओसरीत काही मोठी केलेली चित्रे लावली आहेत. डोमकळीचे चित्र दाराजवळ आहे, ढालकिड्याच्या अळीचे त्याच्या शेजारी. जेवणाच्या पंगतीपूर्वी मुलांना ती दोन अवश्य दाखवावीत.