चौकटीचे चार कोपरे

तसबिरीची चौकट जोडायला चार महागडे क्लॅम्प लागतातच असं नाही. काटकोनी क्लॅम्प घेणार असाल, तर दुकानातच त्याला गुण्या लावून पाहा. जबडे ९० अंशांत नसतील तर तो फुकटही नको. मला विचाराल तर पट्ट्याचा क्लॅम्प घ्या, एकाच ओढीत चारही कोपरे आवळतो. तोही नसेल तर कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवून जाड सुतळीचे दोन वेढे द्या आणि वेढ्यांत काडी घालून पिळा. ४५ अंशांचे काप मिटत जातात, कापांना लावलेल्या फेविकॉलचे बारीक पांढरे थेंब बाहेर येतात. तिथेच थांबा. थेंब ओल्या फडक्याने पुसा, दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले, की चौकट रात्रभर हलवू नका.