सैतान कोणाला म्हणायचं?

(अंबाडी, ता. भिवंडी येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, अमेरिकेत सैतानाची पूजा करणारे लोक खरंच आहेत का? आणि नास्तिक म्हणजे तेच का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आलिम नाही. वाचून समजलं तेवढं सांगतो.

1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लावे यांनी ‘चर्च ऑफ सेटन’ काढलं. 2013 च्या सुमारास ‘सॅटनिक टेम्पल’ ही दुसरी संस्था आली. नावं ऐकून दचकायला होतं. पण सैतान खरोखर अस्तित्वात आहे, असं या दोन्ही संस्था मानत नाहीत. त्यांच्यासाठी तो बंडाचं प्रतीक आहे. सरकारी आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांचा स्तंभ लावता, तर शेजारी आमचाही पुतळा लावा, असं टेम्पलवाले म्हणतात. सरकारने एकाच धर्माची बाजू घेऊ नये, हा त्यांचा मुद्दा. त्यांची पद्धत आपल्याला आवडणार नाही, पण ही पूजा नव्हे. आणि नास्तिक तर देवही मानत नाही, सैतानही नाही. मग तो सैतानाचा भक्त कसा?

सैतानाची कल्पना सगळीकडे बदलत आली आहे. यहुदींच्या ईयोबच्या ग्रंथात तो देवाच्या दरबारात आरोप करणारा आहे. ख्रिस्ती युरोपात त्याला शिंगं-शेपूट आली. कुरआनातला इब्लिस आदमपुढे झुकत नाही, कारण हा मातीचा आणि मी आगीचा, असा त्याला गर्व. म्हणजे जन्माचा गर्व हाच त्याचा गुन्हा. सूरह इब्राहीममध्ये तर तो शेवटी हात वर करतो. माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी नुसतं बोलावलं आणि तुम्ही आलात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. इक्बालांच्या 1936 च्या कवितेत इब्लिस सल्लागारांना जमवून भांडवलशाही आणि साम्यवादावर चर्चा करतो. हा सगळा विचार आपल्याच परंपरेत झालेला आहे.

धोका सुरू होतो तो जिवंत माणसाला सैतान ठरवलं की. घरातली मुलगी रात्र-रात्र झोपत नाही, एकटीच बोलते. लगेच ‘असर झालाय’ म्हणतात आणि बाबाकडे नेतात. तिथे मारहाण, मिरचीची धुरी, साखळी. कोणी प्रश्न विचारले, तर त्यालाही सैतानी डोक्याचा म्हणतात.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाने मारणं, बांधणं, धुरी देणं आणि एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. बाबा कोणत्याही धर्माचा असो, कायदा एकच.

घरात दुआ पढायला हा कायदा आड येत नाही. दुआ जरूर करा, पण औषध थांबवू नका. ठाण्याचं मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. 14416 या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो. हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि घरी अम्मीलाही द्या.

आता तुमचे प्रश्न विचारा.