तीन मिनिटांची मांडणी आणि त्यामागची वही

(जुना जालना येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण संशोधकांनी आपली नवी कल्पना थोडक्या वेळात परीक्षकांपुढे मांडावी, अशा स्पर्धा आता शाळा-महाविद्यालयांतून नित्याच्या झाल्या आहेत. त्यांविषयी चार शब्द बोलावे, अशी आपण मला आज्ञा केली. स्पर्धा कशी जिंकावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. ते काम मी त्यांच्यावर सोपवतो. खेड्यातल्या मुलामुलींना या स्पर्धांतून बक्षिसापलीकडे काही मिळावयाचे असेल, तर आपण मोठ्यांनी काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली एक स्पर्धा सुरू केली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले कित्येक वर्षांचे संशोधन तीन मिनिटांत, त्या विषयाशी परिचय नसलेल्या सुजाण श्रोत्यास कळेल अशा भाषेत सांगावे, सोबत एकच स्थिर चित्र दाखवावे आणि वेळ उलटली की बाद व्हावे, असे तिचे नियम. आज जगातील शेकडो विद्यापीठांत ती होते. परंतु तीनच मिनिटे का? त्या काळात क्वीन्सलंडमध्ये तीव्र अवर्षण होते. पाण्याची बचत व्हावी म्हणून पुष्कळांनी स्नानगृहाच्या भिंतीवर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावले होते. वाळू संपली की स्नान संपले! त्या घड्याळावरून विद्यापीठातील एका अधिष्ठात्यांना स्पर्धेची कल्पना सुचली. जालन्याच्या श्रोत्यांना ही हकीकत परकी वाटू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा पाण्याचा हिशेब कसा ठेवावा लागतो हे कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील घरांनी अनुभवले आहे. टंचाईत माणूस मोजू लागतो, आणि मोजणे ही तर विज्ञानाची पहिली पायरी होय.

आपल्याकडेही अशा संधी आहेत. महाविद्यालयीन व विद्यापीठीय संशोधकांसाठी राज्यात २००६ पासून ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन भरते. मानव्यविद्येपासून शेती-पशुसंवर्धनापर्यंत आणि अभियांत्रिकीपासून औषधनिर्माणशास्त्रापर्यंत निरनिराळ्या गटांत विद्यार्थी भित्तिपत्रकाद्वारे व नंतर व्यासपीठावरून आपले काम मांडतात. शालेय मुलांसाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर-मानक’ योजना आहे. शाळेने अंतर्गत स्पर्धा घेऊन मुलांच्या उत्तम कल्पना पाठवावयाच्या, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्या पारखावयाच्या, निवडल्या गेलेल्या मुलाच्या बँक खात्यात प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये जमा व्हावयाचे आणि मग जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्यांनी प्रदर्शन, अशी तिची रचना आहे. कल्पना पारखताना नावीन्य, समाजाला होणारा उपयोग, पर्यावरणाशी मेळ, वापरण्यातील सुलभता आणि उपलब्ध साधनांपेक्षा काही सरसपणा यांचा विचार होतो.

निकष चांगले आहेत. अडचण निकषांच्या अगोदरची आहे. कल्पना मागविणारे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते, मुदत जवळ आलेली असते, आणि मग विज्ञानाच्या शिक्षकांनी रात्री बसून मुलांच्या नावे चार कल्पना लिहून काढाव्यात, असा प्रकार घडतो. मी दोष देत नाही. जनगणनेपासून मतदार याद्यांपर्यंत ज्याच्या माथी कामे येतात, त्या शिक्षकास आणखी काय बोलावे? परंतु परिणाम असा होतो की परीक्षकांपुढे उभा राहिलेला मुलगा दुसऱ्याची कल्पना पाठ म्हणतो. तीन मिनिटे सुरेख जातात. चौथ्या मिनिटाला कोणी विचारले, “हे तुला कशावरून सुचले?” की तो शिक्षकांकडे पाहतो.

शहरातल्या मुलाजवळ सफाईदार भाषा असते, छापील फलक असतो, विकत आणलेले सुटे भाग असतात. खेड्यातल्या मुलाजवळ यातले काही नसते, म्हणून अल्पवेळाची स्पर्धा त्याच्यावर अन्याय करते, असे काहीजण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. तीन मिनिटांत मराठीचे तीनशेच शब्द बोलून होतात. तेवढ्यात पाल्हाळ मावत नाही, पांडित्यही मावत नाही. मावते ते इतकेच: मी काय पाहिले, काय मोजले, काय करून पाहिले. ज्याने स्वतः पाहिले आहे त्याला हे शब्द शोधावे लागत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड नावाच्या खेड्यातील (आपल्या मराठवाड्यातील नांदेड नव्हे) दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण घ्या. शाळा तिसरीपर्यंतची, जमीन तुटपुंजी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या निराळ्या, पिवळसर दाण्यांच्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले, आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचे एक नवे वाण सिद्ध केले. त्या काळी एच.एम.टी. घड्याळाची मोठी चलती होती. तेच नाव या तांदळाला पडले आणि तो दूरवरच्या बाजारांत गेला. २००५ साली ज्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला, तीच संस्था आज आपल्या मुलांच्या कल्पना पारखते, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. दादाजींना त्या वेळी कोणी तीन मिनिटे दिली असती, तर त्यांना एकही शब्द पाठ करावा लागला नसता. आणि आपले हे जालना शहर तर बियाण्यांसाठीच देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे बियाण्यांची कंपनी उभारली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. वेगळे दाणे वेगळे ठेवण्याचे महत्त्व जालनेकरांना दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाही.

आता जिल्ह्यातल्या आठवीच्या एखाद्या मुलीने काय मांडावे, याचा एक नमुना देतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या, हे आपण जाणता. पुष्कळ गावांत आता तळी आणि बंधारे आहेत. त्यातले पाणी उन्हाळ्यात जाते कोठे? काही वाफ होऊन उडते, काही जमिनीत झिरपते. दोन्ही मिळून किती, हे काठीवर खुणा करून कळते. पण कोणते किती, हे कसे कळावे? त्यासाठी न गळणारे एक रुंद पिंप तळ्याच्या काठाजवळ पाण्यात अर्धेअधिक बुडवून पक्के बसवावे, त्यात बाहेरच्या पातळीइतके पाणी भरावे, आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पिंपातली व तळ्यातली अशा दोन्ही पातळ्या वहीत लिहाव्या. पिंपातले पाणी फक्त उडते. तळ्यातले उडते आणि झिरपतेही. दोहोंतील फरक म्हणजे झिरपा. पाऊस पडला किंवा कोणी पंप लावला तो दिवस गाळावा, एवढे पथ्य.

समजा, पिंप दिवसाला ८ मिलिमीटर उतरले आणि तळे १४. पाण्याचा पृष्ठभाग ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर असेल, तर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ९०० लिटर. अर्थात दिवसाला ७,२०० लिटर पाणी उडाले आणि ५,४०० लिटर झिरपले. २०० लिटरच्या पिंपांत सांगावयाचे तर छत्तीस पिंपे आकाशात गेली, सत्तावीस जमिनीत. या आकड्यांचा अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो. साठवणीच्या तळ्यात झिरपा हा तोटा; पाझर तलावात तोच नफा, कारण खालच्या विहिरींना तेच पाणी मिळावयाचे असते. एखाद्या पाझर तलावात झिरपा जवळजवळ शून्य निघाला, तर तळ गाळाने बंद झाला असावा असा संशय घेण्यास जागा आहे. गाळ काढण्याचा ठराव करण्यापूर्वी पंचायतीला हे ठाऊक असलेले बरे नव्हे काय? पिंप, काठी आणि वही यांना मोठा खर्च लागत नाही. महिनाभर रोज सकाळी जाणारी मुलगी मात्र लागते, आणि तिला जाऊ देणारे घर.

अशी मुलगी तीन मिनिटांसाठी उभी राहिली, तर तिचे बोलणे अडखळत होईल. ती ‘बाष्पीभवन’ न म्हणता “पाणी उडतं” म्हणेल. परीक्षक मित्रांना माझे सांगणे आहे की त्या शब्दासाठी तिचा गुण कापू नये. तिची वही मागावी. वहीत खाडाखोड असेल, एखादा दिवस चुकलेला असेल, पावसाच्या दिवशी रेघ मारलेली असेल. रात्रीतून लिहिलेल्या वहीत खाडाखोड नसते. जिल्हा पातळीवर मांडणी मराठीत, किंबहुना बोलीतही, करण्याची मोकळीक आहे हे स्पर्धेच्या पत्रकातच ठळकपणे छापले, तर कितीतरी मुलींचा घसा मोकळा होईल. अधिकाऱ्यांना आणखी एक विनंती. कल्पना मागविण्याची मुदत आणि शाळेला मिळणारी सूचना यांत किमान एक ऋतू असावा. पत्र जूनमध्ये आले तर मूल पावसाळा पाहू शकते. मुदतीच्या आदल्या आठवड्यात आले तर ते फक्त चित्रफीत पाहू शकते.

राहता राहिल्या पंचायती. मुलांच्या विज्ञानाशी आपला संबंध बक्षीस समारंभातील हारतुऱ्यांपुरता आहे, अशी आपली समजूत असते. गावाला पडलेले प्रश्न, जसे की कोणता हातपंप किती वेळात बादली भरतो, कोणत्या बांधावरची मोसंबी आधी वाळते, गावातल्या कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते, सदस्यांनी शाळेला लेखी कळवावेत. आणि १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या सुमारास ग्रामसभा भरते, तेव्हा विषयपत्रिकेत एक विषय वाढवावा: ‘शाळेतील विद्यार्थ्यांची मोजणी, वेळ तीन मिनिटे.’ तिथे परीक्षक नसतील. ज्यांची विहीर आहे ते शेतकरी समोर बसलेले असतील आणि आकडा चुकला तर तिथल्या तिथे सांगतील. मुलगी दहावी होऊन दुसऱ्या गावी शिकावयास गेली, तरी तिची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी, म्हणजे पुढच्या वर्षीचे मूल पहिल्या पानापासून आरंभ न करता तिच्या शेवटच्या नोंदीखाली आपली तारीख घालील.