क्रिकेट कसं बदललं, आणि आपल्या पोरींनी का खेळावं

आज हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज हे विषय जरा बाजूला ठेवू आणि क्रिकेटवर बोलू. "आम्हा बायांना क्रिकेटचं काय?" असं मनात आलं असेल तर पाच मिनिटं थांबा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. तेव्हापासून गटांच्या बैठकांना गेलो की आया सांगतात, "पोरगी बॅट मागते." आणि लगेच दुसरं वाक्य येतं, "पण घरचे म्हणतात, पोरींचा खेळ तो काय खेळ, नुसता टुकुटुकु." हे बोलणं खरं आहे का, ते आज तपासून पाहू.

आधी जुना काळ बघू. तेव्हा मोठा सामना म्हणजे पाच दिवसांची कसोटी. खेळपट्टी उघडी असायची. पाऊस झाला की ती ओली व्हायची आणि चेंडू कसाही उसळायचा. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. अशा वेळी बाद न होता टिकून राहणं हीच कमाई होती. फटके मारणारे नव्हते असं नाही. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू यांनी १९२६ साली मुंबईत इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. पण एकंदर रीत धीराची होती. गोलंदाजही तसेच. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला सलग २१ षटकं निर्धाव टाकली. म्हणजे सव्वाशेच्या वर चेंडूंवर समोरच्याला एकही धाव मिळाली नाही.

मग एक दिवसाचे सामने आले. षटकं ठरलेली, म्हणजे चेंडू मोजून मिळणार. आता नुसतं टिकून भागणार नव्हतं. पण सवय एकदम सुटत नाही. १९७५ च्या पहिल्या पुरुष विश्वचषकात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. त्याला उत्तर देताना सुनील गावस्कर यांनी १७४ चेंडू खेळून फक्त ३६ धावा केल्या आणि शेवटपर्यंत बाद झाले नाहीत. लोक खूप चिडले.

तेच गावस्कर १२ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, आपल्या नागपुरात खेळले. समोर न्यूझीलंड. गटात पहिला नंबर हवा तर सामना नुसता जिंकून चालणार नव्हतं, झटपट जिंकायचा होता. त्या दिवशी गावस्करांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. माणूस तोच. वय मात्र ३८ झालेलं, म्हणजे हात तरुण झाले नव्हते. गरज बदलली, मोकळीक मिळाली, आणि खेळ बदलला. काळ्या कसदार वावरात आणि मुरमाड वावरात आपण एकसारखी पेरणी करत नाही, तसंच हे आहे.

पुढे २० षटकांचा खेळ आला. बॅटा जाड झाल्या. सीमारेषेची दोरी आत आली. पहिल्या काही षटकांत बहुतेक क्षेत्ररक्षकांना लांब उभं करता येत नाही. फलंदाज चेंडू मागे, डोक्यावरून, उलट्या बाजूलाही मारू लागले. मग गोलंदाजांनीही डोकं चालवलं. त्याच हातवाऱ्यात हळू चेंडू टाकायचा, पायाशी टाकायचा, दर चेंडूला काही तरी वेगळं करायचं. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार तर दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये विदर्भाकडून मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटकं निर्धाव टाकली आणि दोन गडी बाद केले. पुरुषांच्या २० षटकांच्या क्रिकेटमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. नाडकर्णींचा धीर नव्या खेळातही कामी येतो, तो असा.

आता पोरींकडे येऊ. बायांचं क्रिकेट पुरुषांच्या मागून आलं असं सगळ्यांना वाटतं. पहिला विश्वचषक बायांचा, १९७३ साली. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. २० षटकांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना बायांनी २००४ मध्ये खेळला, पुरुषांनी २००५ मध्ये. एक दिवसाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातलं पहिलं द्विशतकही बाईचंच. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने ते १९९७ साली आपल्या मुंबईत केलं. सचिनचं द्विशतक २०१० सालचं.

मग आपल्या मुली हळू खेळतात असं का म्हटलं गेलं? त्यांच्या वाट्याला काय आलं ते बघा. १९७३ साली पुण्यात बायांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तीन संघांची. त्यानंतर कितीतरी वर्षं या मुली आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करत, एकमेकींच्या बॅटा वापरत. वर्षात सामने मोजके. ज्या फलंदाजाला माहीत असतं की आज बाद झालो तर पुढची संधी कधी मिळेल याचा भरवसा नाही, ती उंच फटका कशी मारेल? ती जपूनच खेळणार. हातात एकच नोट असली की आपणही ती जपूनच मोडतो.

२००६ मध्ये बायांचं क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. २०२२ मध्ये पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन जाहीर झालं. २०२३ मध्ये मुलींची लीग सुरू झाली. सामने वाढले, सराव वाढला, पैसा आला, आणि खेळ मोकळा झाला. शेजारच्या अमरावतीची भारती फुलमाळी मार्च २०२५ मध्ये या लीगमध्ये मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा करून गेली. सांगलीच्या स्मृती मानधनाने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केलं.

आणि विश्वचषक! नवी मुंबईतल्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवायला ३३९ धावा हव्या होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या, एकही षटकार न मारता. मोकळ्या जागा हेरायच्या आणि पळून धावा काढायच्या. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची जोडी जमलेली असताना कर्णधार हरमनप्रीतने चेंडू शेफाली वर्माकडे दिला. ती खरी फलंदाज, ८७ धावा करून आलेली. तिने दोन गडी बाद केले. विश्वास टाकला, तो फळला.

म्हणून तायांनो, पोरींचा खेळ हळू आहे असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा, तिला मैदान किती दिलं? आपल्या गावांत संध्याकाळी शाळेचं मैदान पोरांनी भरलेलं असतं. पोरगी तेरा-चौदाची झाली की तिचं खेळणं बंद. कापूस वेचणीचा हंगाम आला की ती घरी, लहान भावंडं आणि चूल सांभाळायला.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून टाका. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला भेटून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मैदान मुलींसाठी मागायचं, आणि ते ठरावाच्या वहीत लिहून घ्यायचं. त्या दोन दिवशी गटातल्या दोघीजणींनी पाळीपाळीने मैदानाच्या कडेला बसायचं, म्हणजे घरच्यांना काळजी राहणार नाही. आणि एक बॅट, दोन रबरी चेंडू गटाने मिळून घ्यायचे. वेचणीच्या दिवसांतही हे दोन दिवस मोडायचे नाहीत.

सगळ्याच पोरी भारताकडून खेळणार नाहीत, ते आपल्यालाही कळतं. पण बाद झालं तरी परवा पुन्हा खेळायला मिळणार आहे, हे एकदा कळलं की पोरगी मोकळी खेळते. त्या दोन संध्याकाळी तेवढ्यासाठीच हव्यात. कोणत्या गावात कोणते वार ठरले ते आम्हाला कळवा. आम्ही ते इथे, याच कार्यक्रमात वाचून दाखवू.