नादुरुस्त डिस्क ओळखतांना

बँकेचीं खातीं, इस्पितळांतील रोग्यांचीं टिपणें, घरोघरचीं छायाचित्रें हीं सर्व आज डिस्कांवर सांठविलेलीं असतात. अशी पहिली यंत्रणा १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें पुढें आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर तिच्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कवर त्याच्या लक्षावधि पट मजकूर मावतो. सांठा अफाट वाढला. यंत्राचा नश्वर स्वभाव मात्र बदलला नाहीं.

डिस्क केव्हां तरी निकामी होणारच, हें गृहीत धरून १९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं 'रेड' नांवाची योजना मांडली. तिचें तत्त्व घरखर्चाच्या वहींतहि सांपडेल. पहिल्या ओळींत ४, दुसरींत ७ आणि खालीं बेरीज ११ असली, तर ७ पुसला गेला तरी ११ मधून ४ वजा करून तो परत मिळतो. प्रत्यक्षांत बेरजेऐवजीं निराळी गणिती क्रिया होते, एवढेंच. अशा पांच डिस्कांचा संघ एक गडी बाद झाला तरी खेळत राहतो. त्यांवर देखरेख ठेवणारें यंत्र तो कंट्रोलर.

परंतु ४ आणि ७ दोन्ही पुसले गेले, तर ११ वरून कांहींच उमगत नाहीं. एक डिस्क बंद पडली असतां तंत्रज्ञानें घाईनें शेजारची चांगली डिस्क ओढून काढली, तर संघ तत्काळ कोलमडतो. यंत्रानें टाळलेला अनर्थ माणसाच्या हातून ओढवतो.

अशी चूक होते तरी कशी? खणांची मोजणी पुष्कळदां शून्यापासून होते. तेथें 'खण ३' हा वस्तुतः चवथा असतो. संगणक डिस्कांना जीं नांवें देतो तीं खणांच्या क्रमाशीं जुळतीलच असें नाहीं. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर तीं बदलूंहि शकतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ तीन साक्षीदार बोलावतो. पहिला खणाचा क्रमांक. दुसरा डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक, जो कंट्रोलरहि सांगतो. तिसरा खणावरील दिवा, जो आज्ञा मिळतांच लुकलुकूं लागतो. डिस्क अगदींच मुकी झाली असेल, तर बाकीच्यांचे अनुक्रमांक टिपून उरलेली कोणती तें ठरवितात. साक्षी जुळल्यावांचून हात पुढें करूं नये.

त्याआधीं कंट्रोलरची नोंदवही वाचावी. तींत प्रत्येक घटना वेळ व गांभीर्य यांसह टिपलेली असते. शेवटच्या ओळीवर न थांबतां मागें जावें. एकाच डिस्कच्या वाचनांत वारंवार चुका असतील, तर दोष बहुधा तिचाच. एकाच क्षणीं अनेक डिस्का दिसेनाशा झाल्या असतील, तर संशय तारेवर वा वीजपुरवठ्यावर घ्यावा. कंट्रोलरचें घड्याळ भिंतीवरील घड्याळाशीं जुळतें कीं नाहीं, हेंहि पाहावें.

दुसऱ्या डिस्कच्या चुका आढळल्यास विशेष सावध व्हावें. नवी डिस्क बसविल्यावर तिची भरपाई करण्यासाठीं उरलेल्या सर्व डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि दडलेले दोष त्याच वेळीं उघडे पडतात. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं एक लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणींत पहिली चूक आढळल्यापासून ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कांच्या ३९ पट असतो, असें त्यांना दिसलें. त्याच वेळीं निम्म्याहून अधिक निकामी डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि आधीं दाखविलें नव्हतें.

तात्पर्य, नोंदवहींतील इशारा खरा मानावा. तिचें मौन मात्र अभयवचन समजूं नये. डिस्कांचा संघ काम चालू ठेवतो, पण चुकून पुसलेलें किंवा आगींत गेलेलें तो परत देत नाहीं. त्यासाठीं मजकुराची वेगळी प्रत, वेगळ्या जागीं, आधींच ठेवलेली असली पाहिजे.