पायऱ्यांचे गुण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी चहाच्या वेळी गंमत झाली. तीस वर्षांनी भेटलो, "अगं, किती बदललीस!" म्हणून झालं, आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न आला, "मुलाला पर्सेंटाइल किती?" संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं आहे. पण त्यांची माफी मागून मी आयआयटी प्रवेशाच्या धास्तीवर बोलणार आहे. मुलांच्या नव्हे, आपल्या.

आधी आकडे. २०२४मध्ये जेईई मेनला चौदा लाखांहून अधिक मुलं बसली. त्यातून वरची अडीच लाख अॅडव्हान्स्डला पात्र. दोन्ही पेपर दिले १,८०,२०० जणांनी, उत्तीर्ण झाले ४८,२४८, आणि २३ आयआयटींमध्ये मिळून जागा १७,७४०. म्हणजे मेनला बसलेल्या साधारण ऐंशी मुलांमागे एक जागा. अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होऊनही तिघांतल्या जवळजवळ दोघांना जागा नाहीच.

त्याच वर्षी माझा मुलगा परीक्षेला होता. माझं काम सर्व्हरच्या आलेखांवर डोळा ठेवायचं. रेघ खाली आली की धावायचं. तीच सवय घरी आणली. त्याच्या प्रत्येक सराव परीक्षेचे गुण मी एक्सेलमध्ये भरायचे. शेवटचा रकाना होता 'शक्यता'. सगळे झोपले की रोज उघडून बघायचे. मार्चअखेर त्या रकान्यात ११ टक्के होते.

प्रवेशपत्र छापायला त्याने माझा लॅपटॉप घेतला आणि ते त्याला दिसलं. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "आई, हे अकरा टक्के कसे काढलेस?" आणि मी त्याला सूत्र समजावून सांगितलं! तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला गुण सांगणं बंद केलं.

सर्व्हरला कळत नाही आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे ते. मुलाला कळतं.

सूत्र बरोबर धरलं, तरी अकरा टक्क्यांचा अर्थ इतकाच, की असे गुण मिळवणाऱ्या शंभर मुलांत अकरांना जागा मिळेल. ती अकरा कोणती, हे तो आकडा सांगत नाही. त्याने मुलाचं एक गणितही सुटणार नव्हतं. खरं तर मी माझी धाकधूक मोजत होते आणि त्यावर नाव त्याचं घातलं होतं.

तेव्हा मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. बाई, दहावीच्या एका चाचणीत माझं उत्तर साफ चुकलं होतं. तुम्ही चारपैकी तीन गुण दिलेत आणि कुठल्या पायरीवर घसरले तिथे लाल शाईने खूण केलीत. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक. पायऱ्यांना काही नाही. लाखो मुलांची परीक्षा. तिचा नाइलाज असेल. पण घरात तर एकच मुलगा होता, आणि मीही त्याला संगणकासारखीच तपासत होते.

मी त्याची माफी मागितली, ती शीट पुसली. मग आठवड्याने कधीतरी तो जेवणानंतर एखादं चुकलेलं गणित घेऊन बसू लागला. बहुतेक वेळा तोच मला शिकवायचा. भौतिकशास्त्र मी पार विसरले आहे.

९ जूनला निकाल लागला. उत्तीर्ण झाला, पण जागा मिळण्याइतका क्रमांक नव्हता. दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी मात्र कागद घेऊन आला आणि कुठलं गणित येत असून सुटलं नाही, ते दाखवत बसला. आज तो राज्यातल्याच एका महाविद्यालयात शिकतो आहे. निकालाचं दुःख गेलं का, मी विचारत नाही. पण चुकलेलं तो मला दाखवतो.

ज्यांची मुलं येत्या जानेवारीत मेनला बसणार आहेत, त्यांनी जेवणाच्या रांगेत माझ्याकडे ते सूत्र मागू नये. देणार नाही.

आणि बाई, त्या तीन गुणांबद्दल आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.