भातखाचरांवरील पहारा

पुणेकरांच्या पानात वाफाळणारा इंद्रायणी तांदूळ ज्या मावळपट्टीत पिकतो, तिचे दक्षिणेकडील टोक म्हणजे भोर आणि वेल्हे हे दोन तालुके. त्यांपैकी वेल्ह्यास आता राजगड असे नाव मिळाले आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी ह्या नद्यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे हीच तेथील बहुतेक कुटुंबांची मिळकत होय. खाचर लहान, पीक बहुधा एकच; ते बुडाले की वर्ष बुडाले.

ह्या शेतीचे पंचांग पावसाने ठरविलेले असे. रोहिणीत धूळवाफेवर पेर, आषाढात लावणी, हस्ताच्या सरींवर दाण्यांची भरण, आणि मग उघडिपीत कापणी. हल्ली हे वेळापत्रक विस्कटू लागले आहे. जून कोरडा जातो, जुलैत बांध फुटेपर्यंत कोसळतो, आणि पीक विळ्याला आले असता पुन्हा येऊन उभा राहतो. २०१९ च्या ऑक्टोबरातील पावसाने राज्यभर हातातोंडाशी आलेली पिके नासली. पुढील वर्षी, ३ जून २०२० रोजी, श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग वादळाचा तडाखा घाट ओलांडून पुणे जिल्ह्यासही बसला.

हवामान बिघडले की किडीचेही गणित बदलते. खोडकिड्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचा पिवळसर पतंग पानाच्या टोकाशी अंड्यांचा पुंजका घालतो. साधारण आठवड्याने अळी बाहेर पडते आणि खोडात शिरते. पीक कोवळे असेल तर मधला कोंब सुकतो. लोंबी येण्याच्या वेळी हल्ला झाला तर ती पांढरी व पोचट निघते. अळी एकदा आत गेली म्हणजे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. तेव्हा खरा प्रश्न औषधाचा नसून वेळेचा आहे.

ही वेळ साधून देणे हेच नव्या साधनांचे काम. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखा गंध ठेवलेला असतो. त्याला भुलून नर पतंग अडकतात, आणि त्यांची संख्या वाढू लागली की पुढील धोका आधीच कळतो. मग ट्रायकोग्रामा नावाच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या उपकारक कीटकाची कार्डे खाचरात लावता येतात. तो खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालून शत्रूचा जन्म खुंटवितो. शंभर फुटव्यांत पाच सुकलेले, किंवा चौरस मीटरास एक अंडीपुंज, ही मर्यादा ओलांडल्याखेरीज विषारी औषधास हात लावू नये, असे कृषिशास्त्र सांगते. घाईने फवारल्यास किडी खाणारे कोळी आधी मरतात, आणि तपकिरी तुडतुड्यांस रान मोकळे होते.

परदेशातून आलेल्या किडीची गोष्ट आणखी निराळी. तिचे मायदेशातील शत्रू मागेच राहतात, आणि येथील शेतकऱ्यास तिची ओळखही नसते. मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. मका हे तिचे आवडते खाद्य; तथापि भात आणि ज्वारीही तिला वर्ज्य नाहीत. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख. ती ज्यास ठाऊक, तोच तिला वेळीच अडवील.

ही ओळख गावोगाव पोहोचविण्याचा प्रयत्न सरकारी पातळीवर झाला आहे. विदर्भात २००८ साली सोयाबीनवर किडींचा हाहाकार उडाल्यानंतर राज्यात क्रॉपसॅप ही सर्वेक्षण योजना सुरू झाली. पुढे तीत भातही आला. महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. १५ ऑगस्ट २०२४ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत शेतकऱ्याने मोबाईलवर घेतलेल्या छायाचित्रावरून यंत्र कीड ओळखते व सल्ला देते.

तरीही यंत्राच्या मर्यादा डोंगरात लवकर उघड्या पडतात. घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेकडे काही कोसांतच निम्म्याहून खाली येतो. मंडळातील एका केंद्राचा आकडा प्रत्येक वाडीस कसा लागू पडावा? दरीत मोबाईलला संदेश मिळत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, छायाचित्र घेण्यासाठीही कोणीतरी गुडघाभर चिखलात उतरून पान उलटून पाहावे लागते. घरातील तरुण पुण्यास नोकरीवर, आणि खाचरात उरलेल्या वृद्धांची दृष्टी मंद. मग सापळ्यातील पतंग मोजावेत कोणी?

ह्याचे उत्तर शहरातही आहे. गावी शेत असलेल्या घरातील शिकलेल्या मुलाने रविवारी जाऊन सापळे पाहावे, आईवडिलांस किडीची खूण दाखवावी, हवामानाचा इशारा फोनवरून वाचून सांगावा, आणि दुकानदाराच्या शब्दावर औषध आणण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यास विचारावयास लावावे. खर्च फार नाही. नेम मात्र चुकता कामा नये. पूर्वी पीक राखण्यास माळ्यावर बसून रात्र जागवीत असत. माळा गेला, साधने बदलली. जागरण मात्र कोणाच्या तरी वाट्यास आलेच पाहिजे.